दस्तीखालचा दुसरा हात

भुताखेतांच्या गोष्टी मी ऐकतो, पण मानत नाही. आमचं गाव वरूडकडे. घरी भाजीपाल्याची शेती, आणि लाइन रात्रीचीच येते म्हणून बाबा कितीतरी वर्षं अंधारात एकटे वांग्यांना पाणी द्यायला जातात. त्यांना कधी कोणी दिसलं नाही. विचारलं तर म्हणतात, "भूत कायचं बे? मोटर जळली का तेच भूत." अशा घरात मी वाढलो. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते लिहिताना मला स्वतःलाच संकोच वाटतोय... लिहिण्याची सवयही फारशी नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चुकलं काही तर समजून घ्या.

मी अमरावतीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इतिहास. आम्हाला 'आपल्या भागातली एक जुनी इमारत' असा प्रकल्प होता. बाकीच्यांनी देवळं घेतली, किल्ले घेतले. मी अकोल्यातली एक बँकेची इमारत घेतली, कारण सोपं होतं – तिथे माझे सख्खे मामा राहतात. गुलाबमामा तिथले चौकीदार आहेत. सव्वीस वर्षं झाली, इमारतीच्या मागच्या दोन खोल्यांत ते आणि मामी राहतात. बँक केव्हाच गेली, नंतर गोदाम झालं, नंतर तेही बंद पडलं. मालक बदलत गेले, मामा राहिले. पगार आधी थोडा होता, मग कधीमधी, आता बंदच. पण त्या दोन खोल्या म्हणजेच त्यांचं घर. दुसरं नाही. गावचं घर मामाच्या भावाने केव्हाच पाडून बांधलं, त्यात मामाची वाटणी नाही.

इमारत नेमकी कुठे आहे ते लिहीत नाही, बँकेचं नावही नाही. एवढंच सांगतो की जुन्या कापूसबाजाराच्या बाजूला आहे, काळ्या दगडाची, दुमजली, वर सागवानी गॅलरी. दारावर दगडात कोरलेली दोन ओळींची पाटी – वर इंग्रजी, खाली बाळबोध मराठी. आणि दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत दोन दगडी चौकटी, साधारण दाराच्या झडपेएवढ्या. डावीकडच्या चौकटीत इंग्रजी कागद लागायचा, उजवीकडच्या चौकटीत तोच मराठीत. भाव, हुंडीचे दर, सूचना... सगळं दोनदा.

हे बांधकाम अठराशे साठनंतरच्या त्या कापसाच्या तेजीतलं. अमेरिकेत आपसांतलं युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला, आणि विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवलं. काळ्या मातीतून इतका पैसा कधी निघाला नव्हता. एवढं मला लायब्ररीत सापडलं. पण त्या दोन चौकटींची गोष्ट कुठल्याच पुस्तकात नाही. ती मामाला आधीच्या चौकीदाराने सांगितली, त्याला त्याच्या आधीच्याने.

गोष्ट अशी, की तारेने आलेली बातमी इंग्रजी चौकटीत सकाळी लागायची. मराठी करणारा कारकून ती लिहून आणायचा तेव्हा उन्हं कललेली असायची. मामा हसून म्हणतात, "इंग्रजी कागद उपाशीपोटी धावत ये, मराठी कागद जेवून-झोपून ये." मधल्या वेळात ज्याला इंग्रजी येतं तो शहाणा. युद्ध संपून भाव कोसळल्याची बातमी आली त्या दिवशी म्हणे असंच झालं. डावी चौकट भरलेली, उजवी रिकामी. ज्यांनी डावी वाचली त्यांनी दुपारपर्यंत आपला सगळा कापूस विकून टाकला. घेणारे उजव्या चौकटीची वाट पाहणारे होते.

खरं किती, माहीत नाही. सर म्हणाले, "लोककथा म्हणून नोंदव." मी तसंच ठरवलं होतं.

त्या दिवशी गुरुवार होता. मी सकाळच्या गाडीने बडनेऱ्याहून अकोल्याला गेलो. एप्रिल सुरू झाला होता, म्हणजे आमच्याकडे कसं ऊन असतं ते वऱ्हाडातल्या वाचकांना सांगायला नको. नऊ वाजता इमारतीपाशी पोचलो. आणि दारावर एक कागद चिकटवलेला दिसला. नवा, पांढरा, इंग्रजीत.

मी तो वाचला. मला पूर्ण समजायला दोनदा वाचावा लागला. इमारत एका कंपनीने विकत घेतली होती. इथे कोणी राहत असेल, कोणाचा काही हक्क असेल, तर नोटीस लागल्यापासून सात दिवसांत कागदपत्रांसह खाली दिलेल्या वकिलांच्या ऑफिसात लेखी कळवावं. नाही कळवलं, तर इमारतीत कोणी राहत नाही असं धरून पुढची कारवाई होईल. खाली तारीख होती. पाच दिवस उलटून गेले होते.

मी मागे गेलो. मामा खाटेवर बसून दाढी करत होते. मामी म्हणाली, "आला का माहा कलेक्टर! बस, पोहे टाकते."

मी विचारलं, "मामा, समोर कागद लागलाय... पाहिला का?"

"पायला ना. दोन पोट्टे आलते मोटरसायकलवर, चिकटवून गेले. बिल्डिंगले रंग देनार असन. मी म्हटलं लावा बाप्पा, माहं काय जाते?"

इथे मी सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्या दिवशी मला मामाचा व्हिडिओ घ्यायचा होता, आणि प्रकल्प सोमवारी द्यायचा होता. मला वाटलं, आत्ता सांगितलं तर मामा घाबरतील, मामी रडेल, व्हिडिओ राहील. दोन दिवस आहेत अजून. आधी काम होऊ दे, मग निवांत सांगू.

मी पोहे खाल्ले.

व्हिडिओ कशाचा, ते सांगतो. मामाचे वडील बैलबाजारात दलाल होते, मामाही तरुणपणी तेच करायचे. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर दस्ती टाकतात – दस्ती म्हणजे आमच्याकडे रुमाल – आणि कपड्याखाली बोटं धरून भाव ठरतो. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पूर्ण पंजा म्हणजे पाच. ते एक शेकडा की एक हजार, ते माल पाहून दोघांनाही कळतं. नाही पटलं तर हात ढिला सोडायचा. पटलं तर अंगठा दाबायचा. मामा म्हणत, जुन्या काळी याच बँकेच्या ओट्यावर कापसाचे सौदे असेच होत. मला ते प्रत्यक्ष करून दाखवलेलं रेकॉर्ड करायचं होतं. आमच्या वर्गात कोणाकडेच असं काही नव्हतं.

समोरच्या ओट्यावर बसायला दीड वाजला. सकाळभर मामा कोणाकोणाकडे गेले, मग जेवण. ओटा उजव्या चौकटीच्या खाली आहे, मराठीवाल्या. मी फोन खिडकीच्या दगडावर उभा करून रेकॉर्डिंग सुरू केलं. मामा समोर बसले. त्यांनी खांद्यावरची मोठी पांढरी दस्ती आमच्या उजव्या हातांवर पसरली.

"हे पाय, पयला नियम. तोंडाकडे पाहाचं नाई. तोंड पायलं का भाव समजते. म्या इकडं रस्त्याकडं पाहीन, तू तिकडं पाटीकडं पाय. लोकायले वाटलं पायजे का दोघं बसून हवा खाऊन राह्यले."

मी मान वळवली आणि दारावरच्या पाटीकडे पाहत राहिलो.

मामाने माझं एक बोट धरलं. "किती?" "एक." तीन धरली. "किती?" "तीन." मामाच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं वाकत नाहीत. एकदा बैलाने कासरा ओढला आणि त्यांच्या शिरा तुटल्या. त्यामुळे ते हात धरतात तेव्हा ती दोन बोटं काडीसारखी सरळ माझ्या मनगटाला टोचत होती. मला हसू येत होतं. मामा म्हणाले, "हासू नको लेका, हासला का पाच रुपये वाढते." असं दहा मिनिटं चाललं. मग मामा म्हणाले, "आता म्या बोलत नाई. तूच सांगत जाय." मी बरं म्हटलं.

हाताने माझी दोन बोटं धरली.

"दोन," मी म्हणालो.

हात सुटला. पुन्हा धरली. दोनच.

"दोन."

पुन्हा दोन. मी म्हणालो, "मामा, पुढे जा ना, दुसरं काहीतरी." पुन्हा दोन बोटं, आता जरा जोरात. मी मनाशी म्हटलं, मामा गंमत करतायत. मी हात ढिला सोडला, म्हणजे नाही पटलं. तर हात सुटायच्या ऐवजी जास्त आवळला. हात गरम होता, घामाने ओला... आणि थरथरत होता. एखादा माणूस उन्हातून धावत आल्यावर थरथरतो तसा.

आणि मग मला वाटलं, मामाला कळलंय. नोटिशीचं कोणीतरी सांगितलंय त्यांना, म्हणून सकाळभर बाहेर होते, आणि दोन दिवस उरलेत हे ते मला असं विचारतायत. मान वळवून त्यांच्याकडे पाहायची हिंमत झाली नाही. पाटीकडे पाहतच मी बोलायला लागलो.

"मामा, चुकलं माझं... तो कागद रंगाचा नाही. बिल्डिंग विकली. जे कोणी इथे राहतात त्यांनी सात दिवसांत वकिलाकडे लिहून द्यायचं आहे. नाही दिलं तर इथे कोणी राहतच नव्हतं असं धरतील. पाच दिवस गेले. दोनच राहिलेत. मी सकाळीच वाचलं होतं."

मी हे सगळं नीट, एकेक वाक्य मराठीत सांगितलं. मी बोलत होतो तोवर हात हलला नाही. माझं बोलणं संपलं तसा त्याने माझा अंगठा दाबला. इतका जोरात की मी "आई" म्हणून ओरडलो. आणि दस्ती माझ्या हातावर अशी सपाट पडली.

मागून मामाचा आवाज आला.

"काय बोलून राह्यला रे एकटाच?"

मी वळलो. मामा दारातून बाहेर येत होते. दोन्ही हातांत चहाच्या बश्या. मागे मामी स्टीलची गाळणी हातात घेऊन उभी.

समोर ओट्यावर कोणी नव्हतं.

मी दस्ती उचलून खाली पाहिलं. मामीने येऊन माझ्या कपाळाला हात लावला. "ऊन लागलं पोट्ट्याले. तरी म्हनत होते, दुपारचं बाहीर बसवू नोका. मीच हाक मारली यायले, पाच मिनिटं झाले असन. तुले सांगून नाई आले का?"

"सांगतलं तं होतं," मामा म्हणाले. "पोट्टा पाटीकडं पाहून राह्यलता, म्हटलं असू दे, शिकून राह्यला."

मी काहीच समजावून सांगितलं नाही. आधी नोटीस सांगितली. पुन्हा, तीच वाक्यं. मामाच्या हातातली बशी कलली आणि चहा ओट्यावर सांडला. "माय वं... सव्वीस वर्सं..." मामी म्हणाली.

मग आम्ही खोलीतली ट्रंक उपसली. रेशनकार्ड, मामाच्या नावावरची विजेची बिलं, जुन्या मालकाने पगाराच्या वेळी दिलेल्या चिठ्ठ्या, मतदारयादीतलं नाव. झेरॉक्स काढल्या. अर्ज मी लिहिला, मराठीत, आणि खाली त्याचंच इंग्रजी. चार वाजता वकिलाच्या ऑफिसात पोचलो. तिथे कंपनीचा एक माणूस बसला होता. आम्हाला पाहून तो चकितच झाला. मामा त्याला म्हणाले, "साहेब, म्या रोज रात्री त्या कागदापुढं खाट टाकून झोपतो. एक शब्द सांगतला असता कोनी तं काय बिघडलं असतं?"

तो म्हणाला, "अहो काका, मराठी नोटीस छापायला दिलीय. येईल ना."

मी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो खोटं बोलत होता असं वाटलं नाही. त्याला खरंच त्यात काही वावगं दिसत नव्हतं. अर्जाच्या आमच्या प्रतीवर त्यांनी शिक्का मारून दिला.

व्हिडिओ आम्ही घरी परत आल्यावर पाहिला. मी, मामा, मामी, खाटेवर बसून. सुरुवातीला सगळं ठीक. मामा बोटं धरतायत, मी सांगतोय. मग मामीची हाक ऐकू येते, जी मला तेव्हा ऐकूच आली नव्हती. मामा "आलोच" म्हणून उठतात, हात काढतात, आत जातात. मी पाटीकडेच पाहतोय. काही वेळ दस्ती माझ्या हातावर सपाट आहे, खाली एकच हात आहे हे स्पष्ट दिसतं.

मग ती वर उचलली जाते.

जोराने नाही. कोणी खालून हात सरकवावा तशी, माझ्या समोरच्या बाजूने. दस्तीखाली दोन हातांचा उंचवटा दिसतो. आणि माझा आवाज येतो, "दोन."

मामीने डोळे मिटून घेतले. मामा मात्र शेवटपर्यंत पाहत होते. मी नोटीस सांगायला लागतो, तेव्हा माझ्यासमोरच्या रिकाम्या जागेत दस्तीची कड थरथरताना दिसते. वारा नव्हता – मागे दिसणाऱ्या कडुनिंबाचं एकही पान हलत नाही. मग माझं "आई" आणि दस्ती पडते.

मामाने माझा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि धरून दाखवला. त्यांची ती दोन बोटं सरळच राहिली. "असा होता का तो?"

"नाही," मी म्हणालो. "त्याची चारही बोटं वळत होती."

"अंगठा दाबला त्यानं?"

"हो."

मामाने माझा हात सोडला. मग म्हणाले, "हे कोनाले दाखवू नोको. दस्ती कायले टाकते? तिसऱ्याले समजू नये म्हनून. सौदा तुह्या न् त्याच्यातला हाय." म्हणून तो व्हिडिओ मी प्रकल्पात लावला नाही, इथेही देणार नाही. ज्यांना विश्वास ठेवायचा नाही त्यांना माझं काही म्हणणं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही ठेवला नसता. मी स्वतः एका हाताने, दोन हातांनी, दस्ती ओली करून, सुकी करून, सगळं करून पाहिलं. एका हाताने तसा उंचवटा येत नाही. उन्हाचा भास म्हणावं तर भास माझा, फोनचा कसा? मामा सव्वीस वर्षं तिथे झोपतात. त्यांना कधी काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. तिथे कोणी मेल्याचीही गोष्ट नाही.

मामा आणि मामी अजून त्या खोल्यांत आहेत. पुढे काय होईल माहीत नाही. पण कंपनीला आता त्यांच्याशी बोलावं लागतंय, इथे कोणी राहतच नव्हतं असं म्हणता येत नाही. पहिला कागद लागल्यापासून आठव्या दिवशी मामाचा फोन आला होता. "लागली बरं मराठी नोटीस," म्हणाले. सात दिवसांची मुदत आदल्या दिवशीच संपली होती.

पण मला रात्री झोप लागत नाही ती त्या हातामुळे नाही. त्या गुरुवारी संध्याकाळी मामा मला स्टेशनवर सोडायला आले होते. गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. मामाने सहज विचारलं,

"तू तो कागद कवा वाचला?"

"आलो तेव्हा. नऊ वाजता."

"न् मले सांगतलं दोन वाजता."

मी रुळांकडे पाहत राहिलो. गाडी आली, त्यांनी माझी पिशवी खिडकीतून आत दिली, मामीने दिलेली भाकर-चटणी तिच्यात होती. "पोचला का फोन कर," म्हणाले.

तो हात कोणाचा होता, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि मिळेल असंही वाटत नाही. त्या पाच तासांचं उत्तर मात्र माझ्याकडे आहे. ते मामाला मी अजून दिलेलं नाही.